वसंतातल्या निवांत वेळेसाठी रेगे: तुम्ही काय ऐकता?

रानवारा

थंडी सरली, हवा मऊ झाली की मला रेगे ऐकावंसं वाटतं. झाडांना पालवी फुटत असते, दिवस लांबत असतो आणि कानाला घाई नको असते. या धाग्यात निवांत ऐकण्याजोग्या रेगेबद्दल बोलूया. कोणाची गाणी, कोणत्या वेळी, कशावर ऐकता, सगळं येऊ द्या. ज्यांना बॉब मार्लेच्या पलीकडचं फारसं माहीत नाही, त्यांनी तर नक्की या.

सुरुवात मात्र मार्लेपासूनच करते. त्याचा 'काया' हा अल्बम ऐन वसंतात, २३ मार्च १९७८ रोजी आला. 'एक्झोडस' आणि 'काया' या दोन्ही अल्बमचं काम लंडनमध्ये एकाच सुमारास झालं होतं. त्याच्या थोडंच आधी, डिसेंबर १९७६ मध्ये, किंग्स्टनमधल्या होप रोडवरच्या त्याच्या घरात बंदूकधारी घुसले आणि त्याच्यावर गोळ्या झाडल्या. जखमी असूनही दोन दिवसांनी तो 'स्माइल जमैका' कार्यक्रमात गायला आणि मग देशाबाहेर पडला. त्यानंतरच्या महिन्यांत याच माणसाने 'थ्री लिटल बर्ड्स', 'इज धिस लव्ह', 'इझी स्कँकिंग' ही गाणी ध्वनिमुद्रित केली. 'काया' फार मवाळ आहे अशी टीका तेव्हा झाली होती. मला ती अजिबात पटत नाही. जिवावरचं संकट टळल्यावर माणूस दारात आलेल्या पाखरांबद्दल गातो, यात मला मोठं धैर्य दिसतं.

आता मुद्द्याचं. रेगेतला निवांतपणा नुसत्या संथ लयीतून येत नाही. संथ गाणी जगात पुष्कळ आहेत, ती सगळी मन हलकं करत नाहीत. रेगेत चार मात्रांच्या आवर्तनातली पहिली मात्रा ढोल मोकळी सोडतो. बास ड्रम आणि स्नेअर एकदम पडतात ते तिसऱ्या मात्रेवर. याला वन ड्रॉप म्हणतात, आणि मार्लेच्या द वेलर्स या बँडचा ड्रमर कार्लटन बॅरेट याच्या हातातून तो जगभर पोचला. गिटार दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आखूड 'चक' करून गप्प होते. समेवर ठोका पडणार म्हणून आपला कान सावध बसलेला असतो, आणि ठोका पडतच नाही. दोन-तीन आवर्तनांत कान वाट बघणं सोडून देतो. खांदे सैल पडतात ते तिथे, असं मला वाटतं.

बोला मंडळी.

खर्ज

छान धागा. समेच्या मोकळेपणाबद्दल पूर्ण सहमत. मी बास गिटार वाजवतो, त्यामुळे खालच्या मजल्यावरून थोडी भर घालतो.

फोनच्या स्पीकरवर रेगे ऐकू नका, ही कळकळीची विनंती. बास गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर साधारण ४१ हर्ट्झचा असतो. फोनचा इवलासा स्पीकर एवढा खाली उतरूच शकत नाही. मग ऐकू येते ती नुसती गिटारची चकचक आणि गायकाचा आवाज. ज्या सुरावटीवर सगळं गाणं उभं आहे तीच गायब. अनेकांना रेगे 'एकसुरी' वाटतं त्याचं मोठं कारण हेच असावं. साधे पण कान नीट झाकणारे हेडफोन घ्या किंवा जरा मोठा स्पीकर घ्या. आवाज वाढवायची गरज नाही, खालचे स्वर पोचले की झालं.

आणि ऐकताना एकदा मुद्दाम फक्त बासचा पाठलाग करा. कार्लटनचा भाऊ अ‍ॅस्टन बॅरेट, ज्याला सगळे 'फॅमिली मॅन' म्हणत, त्याचं वादन ऐका. तो चार स्वर घेतो आणि थांबतो. ते थांबणं सुरावटीचाच भाग आहे. बासवादकाला स्वर कुठे घ्यायचा हे लवकर समजतं, कुठे घ्यायचा नाही हे समजायला वर्षं जातात. हेप्टोन्स या गायकगटाचा लिरॉय सिबल्स हा दुसरा मोठा माणूस. गायक म्हणून तो गोडच आहे, पण किंग्स्टनच्या स्टुडिओ वनमध्ये त्याने वाजवलेल्या बासच्या ओळींवर पुढे कितीतरी लोकांनी नवीन गाणी रचली. एकाच बासवर आणि तालावर अनेक गाणी बांधायची ही जमैकाची पद्धत. त्या पायाला तिथे रिडिम म्हणतात. एक रिडिम ओळखीचा झाला की त्यावरचं प्रत्येक नवं गाणं ओळखीच्या घरात शिरल्यासारखं वाटतं.

पायवाट

वाचनखूण साठवली. खर्जदादा, बासबद्दल अजून लिहा.

तालवेडी

रानवारा, तुझी सुरुवात आवडली, पण वसंतासाठी मी एक पायरी मागे जाईन. रॉकस्टेडी!

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी: जमैकात साठच्या दशकाच्या सुरुवातीला स्का होतं. वेगवान, ट्रंपेट-सॅक्सोफोनने भरलेलं, नाचून दमवणारं. १९६६ च्या सुमारास लय एकदम उतरली. त्या वर्षी उन्हाळा इतका कडक होता की लोकांना स्कावर नाचवेना, असं सांगतात. गोष्ट रंगतदार आहे, पण वाद्यांकडे पाहिलं तर दुसरं कारण जास्त पटतं. लय उतरल्यावर बासला फिरायला जागा मिळाली. त्याच सुमारास उभ्या बासच्या जागी इलेक्ट्रिक बास रुळला. त्रिनिदादहून आलेला गिटारवादक लिन टेट बासच्या बरोबरीने गिटारवर तीच ओळ वाजवू लागला. फुंकवाद्यं मागे सरकली आणि तिघा-तिघांचे गायकगट पुढे आले.

१९६८ मध्ये रेगे आलं आणि रॉकस्टेडीचा बहर संपला. जेमतेम दोन वर्षं. पण त्या दोन वर्षांत जे गायलं गेलं त्यात एक कोवळेपण आहे. अ‍ॅल्टन एलिसचं १९६७ चं 'रॉक स्टेडी' ऐका. द पॅरागॉन्सचं 'द टाइड इज हाय' ऐका. हे गाणं ब्लाँडी या अमेरिकन बँडमुळे १९८० मध्ये जगभर गाजलं, मूळ मात्र जॉन होल्टने लिहिलेलं आणि पॅरागॉन्सनी गायलेलं. मूळ ऐकल्यावर लक्षात येतं की त्यात विनवणी आहे आणि हट्ट मुळीच नाही.

आणि फिलिस डिलन. तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं. 'डोन्ट स्टे अवे' मध्ये तिचा आवाज सुराला हलकेच स्पर्श करून मागे येतो. निर्माता ड्यूक रीड याच्या ट्रेझर आयल स्टुडिओत हे काम झालं. त्याच्या मद्याच्या दुकानाच्या वर लाकडी खोलीत तो स्टुडिओ होता. त्या ध्वनिमुद्रणांत जी ऊब आहे ती मला इतरत्र क्वचितच सापडते.

सकाळच्या वेळी, खिडक्या उघड्या टाकून, काहीतरी हातातलं काम करत ऐकायला याच्यासारखं काही नाही.

नवी_पालवी

सगळ्यांना नमस्कार. मी इथे वाचकच असते, पण हा विषय आवडला म्हणून विचारते. मला गाण्यातले शब्दच समजत नाहीत. इंग्रजी येतं, पण जमैकन बोली कानाला पकडता येत नाही, आणि मग मी अर्थ लावत बसते. निवांतपणा जातो. माझ्यासारखीने कुठून सुरुवात करावी?

रानवारा

नवी_पालवी, स्वागत! तुमच्यासाठी शब्दांशिवायचं रेगे आहे, आणि ते भरपूर आहे.

पहिलं नाव ऑगस्टस पाब्लो. त्याने मेलोडिका हातात घेतली. फुंकून वाजवायची, छोट्या पट्ट्यांची ही पेटी तोवर शाळकरी मुलांचं वाद्य समजली जायची. पाब्लोने तिच्यातून असा उदासगोड, दूरवरून येणारा सूर काढला की त्याचं संगीत दोन स्वरांत ओळखू येतं. 'ईस्ट ऑफ द रिव्हर नाइल' हा १९७७ चा अल्बम संध्याकाळी, दिवे लावण्याआधी ऐका. त्याला कोमल स्वरांची ओढ होती, त्यामुळे रागसंगीत ऐकलेल्या कानाला तो परका वाटत नाही.

दुसरा जॅकी मिटू, स्टुडिओ वनचा ऑर्गनवादक. याच्या वाजवण्यात सरळ आनंद आहे. आणि तिसरा अर्नेस्ट रँग्लिन, जॅझच्या अंगाने गिटार वाजवणारा. मिली स्मॉलच्या १९६४ मधल्या 'माय बॉय लॉलीपॉप' या गाजलेल्या गाण्याची वाद्ययोजना त्याची. पण तुम्ही त्याचा १९९६ चा 'बिलो द बेसलाइन' घ्या. जुन्या रेगे सुरावटी, स्वच्छ गिटार, सोबत माँटी अलेक्झांडरचा पियानो. घरात कुणाला रेगे अजिबात आवडत नसेल तरी हा अल्बम कुणी बंद करायला सांगणार नाही, एवढं मी खात्रीने सांगते.

शब्दांचं नंतर बघा. बोली हळूहळू कानात बसते.

कडूनिंब

धागा चांगला चालला आहे, पण एक गोष्ट मनापासून खटकते आणि ती मांडतो.

'निवांत रेगे' म्हणताना आपण काय बाजूला सारतो आहोत? हे संगीत गुलामगिरीच्या आठवणीतून, किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतून आणि रास्ताफारी (जमैकात उगवलेला एक धर्मपंथ) लोकांच्या छळातून आलं आहे. एप्रिल १९६३ मध्ये माँटेगो बेजवळ कोरल गार्डन्सची हिंसक चकमक घडली. त्यानंतर पोलिसांनी रास्ताफारी लोकांची सरसकट धरपकड केली, त्यांना मारहाण केली. जमैकाच्या पंतप्रधानांनी त्याबद्दल माफी मागितली ती २०१७ मध्ये. वसंत त्यांच्याही वाट्याला आला होता, तो असा. बर्निंग स्पिअरचा १९७५ चा 'मार्कस गार्वी' ऐकताना खुर्चीत रेलून बसणं मला जमत नाही, आणि जमू नये असंही वाटतं.

मार्लेची चार गोड गाणी निवडायची आणि समुद्रकिनाऱ्याचं चित्र लावायचं, हे जगाने फार केलं. आपण तरी करू नये.

तालवेडी

कडूनिंब, तुमचा मुद्दा मोलाचा आहे. पण मग प्रेमगीतांचं काय? रॉकस्टेडी आणि रेगेत कष्टकरी माणसांनी प्रेमाची, रुसव्याची, सुट्टीच्या संध्याकाळची हजारो गाणी गायली. त्यांचा आनंदही त्यांचाच आहे. त्यांना फक्त दुःखाचे प्रतिनिधी करून ठेवणं हाही अन्याय नाही का?

रानवारा

कडूनिंब, बरं झालं तुम्ही लिहिलंत. हे इथे यायलाच हवं होतं.

मला मात्र या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात दिसत नाहीत. द काँगोजचा 'हार्ट ऑफ द काँगोज' घ्या. निर्माता ली पेरीने १९७७ मध्ये आपल्या ब्लॅक आर्क स्टुडिओत केला. यंत्रसामग्री तुटपुंजी, चारच ट्रॅक. त्यावर त्याने थर चढवत नेले, मधूनच गाईच्या हंबरण्यासारखा आवाज येतो, सगळं संगीत पाण्याखालून येत असल्यासारखं वाटतं. सेड्रिक मायटनचा उंच, कोवळा आवाज त्यावर तरंगतो. विषय काय? मासेमारी करून पोरांची पोटं भरणारे लोक, देवाची ओढ, घरापासून तुटणं. आणि तरी मला या अल्बमइतकी खोल शांतता फार थोड्या संगीताने दिली आहे. ही शांतता त्या लोकांनी दुःखाकडे पाठ फिरवून मिळवलेली नाही.

इझ्रेल व्हायब्रेशनचंही तेच. पोलिओ झालेले तीन मुलगे किंग्स्टनमधल्या पुनर्वसन केंद्रात भेटले आणि पुढे एकत्र गाऊ लागले. त्यांचा १९७८ चा 'द सेम साँग' ऐका. आवाज साधे, थोडे खरबरीत, गाण्यात कुठेही आकांडतांडव नाही. एवढं सोसून इतक्या शांतपणे गाता येतं, हेच मला त्यात ऐकू येतं.

२०१८ मध्ये युनेस्कोने जमैकाच्या रेगेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हाही अन्याय, प्रतिकार, प्रेम आणि माणुसकी या सगळ्यांचा एकत्र उल्लेख झाला होता. निवांत ऐका, पण कोण गातंय ते माहीत असू द्या, एवढंच मी म्हणेन.

कडूनिंब

हे पटलं. 'द सेम साँग' ऐकलेला नाही, आज लावतो. तुम्ही 'सत्ता मस्सगाना' ऐकलंत का? द अ‍ॅबिसिनियन्सनी १९६९ मध्ये स्टुडिओ वनमध्ये गायलेलं. तीन आवाज, अम्हारिक भाषेतले शब्द, प्रार्थनेचा भाव. माझ्या मते रेगेतलं सर्वांत शांत गाणं ते.

खर्ज

कडूनिंब, त्या गाण्याला माझ्याकडून दोन मतं. रानवाराताईंनी सांगितलेल्या 'बिलो द बेसलाइन' मध्ये रँग्लिनने ते गिटारवर वाजवलंय. दोन्ही पाठोपाठ ऐका.

मंद्र

डबचा अजून कुणी विषय काढला नाही, म्हणून आलो.

डब म्हणजे तयार गाणं घेऊन त्यातून आवाज काढून टाकायचा, वाद्यं एकेक करून आत-बाहेर करायची आणि उरलेल्यावर प्रतिध्वनी सोडायचा. हे ज्याने कलेच्या पातळीवर नेलं तो किंग टबी मूळचा रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर. मिक्सिंगचं टेबल हेच त्याचं वाद्य. गायकाचा अर्धा शब्द येतो, विरत जातो, मग नुसता बास आणि ढोल, मग कुठूनतरी गिटारचा एक तुकडा. रानवारांनी वर मोकळ्या समेबद्दल लिहिलंय. डब म्हणजे तो मोकळेपणा सगळ्या गाण्यात पसरवणं.

पाब्लोची मेलोडिका आणि टबीचं मिक्सिंग एकत्र हवं असेल तर १९७६ चा 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन' घ्या. दुपारी, ऊन चढल्यावर, पडदे ओढून ऐकायचं संगीत आहे हे. डोळे मिटून ऐकलं तर खोलीचा आकार बदलल्यासारखा वाटतो. फक्त झोपताना लावू नका. मध्येच प्रतिध्वनी असा काही उसळतो की लागलेला डोळा उघडतो.

शेवरी

वाचतेय, फार सुंदर माहिती. एक शंका: जमैकात मुळात वसंत असतो का? तिथे तर बारमाही उन्हाळा असेल ना?

मंद्र

शेवरी, जमैका साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे थंडी सरून वसंत येतो असं काही तिथे घडत नाही. डिसेंबर ते एप्रिल कोरडे महिने, मग मे महिन्यात पावसाचा पहिला जोर, आणि ऑक्टोबरच्या आसपास दुसरा. पण झाडांना आपला मोसम असतोच. पोई नावाचं झाड तिथे या दिवसांत पिवळ्याधमक फुलांनी भरतं. किंग्स्टनजवळच्या मोना इथल्या विद्यापीठाच्या आवारात ते फुललं की परीक्षा तोंडावर आल्याचं विद्यार्थी समजतात.

म्हणूनच रेगेच्या गाण्यांत वसंताचं नाव क्वचित येतं. ऊन, पाऊस, सकाळचं धुकं, पाखरं हे मात्र सारखं भेटतं. बदललेल्या हवेचा आनंद त्यातूनच येतो.

सांजसूर

संध्याकाळची जबाबदारी माझ्याकडे. लव्हर्स रॉक!

हे रेगेचं लंडनमधलं रूप. कॅरिबियन कुटुंबांतल्या, ब्रिटनमध्ये वाढलेल्या मुलींनी ते गायलं. १९७५ मध्ये लुइसा मार्कचं 'कॉट यू इन अ लाय' आलं आणि तिथून पुढे प्रवाह सुरू झाला. १९७९ मध्ये जॅनेट केचं 'सिली गेम्स' ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. डेनिस बोव्हेलने केलेलं ते गाणं, त्यात जॅनेट ज्या उंच स्वरावर सहज जाते तो ऐकताना मी दर वेळी हातातलं काम थांबवते. कॅरल थॉम्प्सनचा १९८१ चा 'होपलेसली इन लव्ह' हाही पूर्ण अल्बम ऐकण्यासारखा.

जमैकातल्या पुरुष आवाजांत माझी निवड ठरलेली आहे. डेनिस ब्राउन आणि ग्रेगरी आयझॅक्स. ग्रेगरीला 'कूल रूलर' म्हणत. त्याचं १९८२ चं 'नाइट नर्स' घ्या: तो कुठेही जोर लावत नाही, किंचित थकलेल्या आवाजात गातो आणि त्यामुळेच ऐकणारा जवळ सरकतो. डेनिसच्या आवाजात उलट गोलाई आहे, भरलेपण आहे. त्याच्या आवाजात मला दिलासा मिळतो. त्यांच्यानंतरच्या काळातला बेरेस हॅमंडही असाच. त्याच्या २००१ च्या 'म्युझिक इज लाइफ' अल्बममधलं 'रॉकअवे' हे जुन्या गाण्यांच्या आठवणींवरचं गाणं आहे, जुने मित्र एकत्र जमले असतील तर हमखास लावा.

जॉन होल्टचं '१००० व्होल्ट्स ऑफ होल्ट' काहींना फार गोड वाटतं, व्हायोलिनांचा ताफा आहे म्हणून. मला आवडतं. सगळंच संगीत खडबडीत असायला हवं असं नाही.

पायवाट

नव्या लोकांचं कोणी नाव घेतलं नाही! क्रॉनिक्सचा २०१७ चा 'क्रोनॉलॉजी' हलका आणि उजळ आहे, 'स्कँकिन स्वीट' तर सकाळीच ऐकावं. प्रोटोजे आणि क्रॉनिक्सचं 'हू नोज' कोणत्याही वेळी चालतं. कॉफीचं 'टोस्ट' कृतज्ञतेचं गाणं आहे. ते असलेल्या 'रॅप्चर' साठी तिला २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट रेगे अल्बमचं ग्रॅमी मिळालं. हा सन्मान एकटीच्या नावावर मिळवणारी ती पहिली स्त्री. लीला आयकेचा आवाजही ऐका, मऊ आहे पण दुबळा नाही.

नवी_पालवी

काल 'ईस्ट ऑफ द रिव्हर नाइल' ऐकला, दोनदा. धन्यवाद, रानवाराताई. शब्द नसल्याने खरंच मोकळं वाटलं. खर्जदादांनी सांगितल्याप्रमाणे फक्त बासकडे लक्ष दिलं, तर गिटार मागे गेली आणि सगळं गाणं दुसरंच वाटू लागलं.

घरी गिटार आहे, थोडी वाजवते. ती 'चक' घरी जमेल का?

खर्ज

नक्की जमेल. डाव्या हाताने कॉर्ड पूर्ण धरा, उजव्या हाताने बारीक तीन-चार ताराच खालच्या दिशेने छेडा, आणि छेडल्याबरोबर डाव्या हाताची पकड ढिली करा. बोटं तारांवरून उचलायची नाहीत, फक्त दाब काढायचा. स्वर तुटला पाहिजे. तोंडाने एक-दोन-तीन-चार मोजा आणि दोन व चारवर छेडा. एकवर पाय आपटण्याचा मोह होईल, तो टाळा.

सुरुवातीला दोन कॉर्ड पुरे आहेत. वेग वाढवू नका, अजून कमी करून पाहा. संथ लयीत चक नेमकी जागेवर पडायला जास्त कसब लागतं. आणि घरात कुणी कीबोर्ड वाजवत असेल तर त्याला तुमच्या दोन चकांच्या मधल्या जागा भरायला सांगा. त्याला बबल म्हणतात. ऑर्गनचा आवाज लावायचा, तोही हळू. तो वेगळा ऐकू येत नाही, पण थांबवला की लगेच चुकचुकल्यासारखं होतं.

रानवारा

नवी_पालवी, जमलं की इथे नक्की सांगा. 'थ्री लिटल बर्ड्स' तीन कॉर्डांत होतं, तेच घ्या पहिलं.

हेप्टोन्सवर खर्जदादांकडून स्वतंत्र धागा हवा आहे, ही माझी जाहीर मागणी. आणि कडूनिंब, 'द सेम साँग' ऐकलात की कसा वाटला ते लिहा.